अतिसेवन : एका शब्दाची उलटतपासणी

बातमी साधारण दहा ओळींची असते. हिंजवडी, वाकड, बाणेर, विमाननगर यांपैकी कुठल्या तरी भागातला फ्लॅट. वय पंचविशीच्या आसपास, मूळ गाव लांबचं, नोकरी आयटीतली. रात्री मित्रांबरोबर पार्टी झाली, सकाळी तो उठेना म्हणून मित्रांनी दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी मृत घोषित केलं. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. मग शेवटची दोन वाक्यं येतात. एक : अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू झाल्याचा प्राथमिक अंदाज आहे. दोन : व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.

ही बातमी मी वेगवेगळ्या नावांनी बऱ्याचदा वाचली आहे. बहुतेक वेळा भूमकर चौकात, बस जागची हलत नसताना, फोनवर. खाली कमेंट्स असतात. आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं आणि याने हे दिवे लावले. पुण्याचं पार वाटोळं झालंय. बरं झालं, एक कमी झाला. बस हलते, मी पुढच्या बातमीवर जाते. त्या व्हिसेराचं पुढे काय झालं हे सांगणारी बातमी मात्र मला कधी दिसली नाही.

नीट वाचलं तर ती दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडतात. दुसरं म्हणतं, कारण अजून कळायचं आहे. पहिलं कारण सांगून मोकळं झालेलं असतं. आणि आपण लक्षात ठेवतो ते पहिलं. त्या पहिल्या वाक्यातल्या 'अतिसेवन' या एका शब्दाची मला इथे उलटतपासणी करायची आहे. हा शब्द बातमीत आहे, सिनेमात आहे, व्यसनावरच्या आपल्या चांगल्या लेखनाच्या आसपासही आहे. मृत्यूनंतर शरीरात कुठलं द्रव्य होतं आणि त्याने काय केलं हे शोधणारं एक शास्त्र आहे, न्यायवैद्यक विषशास्त्र. त्या शास्त्रासमोर हा शब्द उभा केला तर तो टिकतो का, एवढाच प्रश्न.

अति तेथे माती

'ओव्हरडोस' या शब्दात निदान 'डोस' आहे, म्हणजे मोजता येणारी गोष्ट. मराठीत येताना मोजमाप गळून पडलं आणि 'अति' उरलं. 'अति' म्हटलं की म्हण तयारच असते. हाव सुटली, आवरलं नाही, संपला. असा हा शब्द मृत्यूचं कारण सांगतोय असं वाटतं, पण सांगतो तो मेलेल्याचा स्वभाव.

विषशास्त्राला नुसतं 'अति' पुरत नाही. कुठल्या द्रव्याचं? कुणाच्या शरीरात? आणखी कशासोबत? हे त्याला विचारावंच लागतं. मात्राच विष ठरवते, हे पॅरासेल्ससने १५३८ साली मांडलं. पुढच्या काळात शास्त्राने त्याला जोड दिली ती ही, की मात्रा प्रत्येक शरीरात वेगळी असते. मेथॅडोन हे ओपिऑइडच्या व्यसनावर उपचार म्हणूनही दिलं जाणारं औषध. ते रोज घेणाऱ्या माणसाच्या रक्तात जेवढं असतं आणि तो बसने कामावर जातो, तेवढंच पहिल्यांदा घेणाऱ्याच्या रक्तात असेल तर त्याचा श्वास थांबू शकतो. रिपोर्टवरचा आकडा दोघांचा सारखाच.

दारू आणि झोपेच्या गोळ्या घ्या. दोन्ही वेगवेगळ्या घेतल्या असत्या तर कदाचित सकाळी फक्त डोकं दुखलं असतं. एकत्र घेतल्या की दोन्ही मिळून मेंदूतल्या श्वासाच्या केंद्राला मंद करतात. दारू आणि कोकेन एकत्र आले तर यकृतात कोकाएथिलीन नावाचं तिसरंच द्रव्य तयार होतं, हृदयावर ताण देणारं. ते कुणी विकत घेतलेलं नसतं. एमडी घेऊन बंद खोलीत तासन्‌तास नाचणाऱ्याचं शरीर इतकं तापू शकतं की स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी व्हावीत.

या सगळ्यांत 'अति' कुठे आहे? मिश्रण आहे, अंदाज चुकणं आहे, बंद खोलीतली उष्णता आहे. पुडीत काय आहे हे माहीत नसणं आहे. हे सगळं एका शब्दात कोंबलं की प्रत्येक मृत्यू सारखा दिसायला लागतो, आणि सारख्या दिसणाऱ्या मृत्यूंमधून शिकण्यासारखं काही उरत नाही.

डॉ. साळुंखे आणि छातीत खुपसलेली सुई

आपल्या पिढीला फॉरेन्सिक म्हणजे काय हे कुणी शिकवलं असेल तर ते 'सीआयडी'ने. १९९८ पासून टीव्हीवर डॉ. साळुंखे परीक्षानळीत रंगीत पाणी हलवतात, एसीपी प्रद्युमन हात फिरवत उभे असतात, आणि मिनिटाभरात विषाचं नाव येतं. याची आपण पुष्कळ टिंगल केली आहे. पण टिंगल करता करता त्यातली एक कल्पना आपण खरी मानून बसलो, की प्रयोगशाळा 'यात काय आहे?' या प्रश्नाचं सरळ उत्तर देते.

खरी प्रयोगशाळा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते : 'आम्ही जे शोधलं, त्यातलं काय सापडलं?' आधी चाळणी-चाचणी होते, ती अंदाज देते. मग क्रोमॅटोग्राफीने मिश्रणातली द्रव्यं वेगळी केली जातात, मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये त्यांचे तुकडे होतात आणि त्या तुकड्यांचा नमुना संग्रहातल्या माहीत असलेल्या द्रव्यांशी ताडून पाहिला जातो. संग्रहात नसलेलं नवं रसायन ओळखणं फार अवघड असतं. आणि बाजारात नवी रसायनं येतच असतात.

दुसरा शिक्षक 'पल्प फिक्शन', १९९४ चा. नायिका शुद्ध हरपून पडलेली, नाकातोंडातून फेस, आणि नायक तिच्या छातीत अ‍ॅड्रेनलिनची सुई खुपसतो. ती ताडकन उठून बसते. हा प्रसंग शरीरशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा आहे. हेरॉइनने हृदयाआधी श्वास थांबतो, आणि त्यावरचं औषध नॅलॉक्सोन आहे. ते मेंदूतल्या ओपिऑइडच्या जागांवरून हेरॉइनला हटवतं. अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा स्प्रे २०२३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतो.

पण त्याच प्रसंगातली एक गोष्ट अगदी खरी आहे, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती कोकेन समजून हेरॉइन ओढते. पांढरी पूड, चुकीची पिशवी. तिने 'अति' काही केलेलं नाही, तिच्या हाती भलतंच काही लागलं आहे. दिग्दर्शकाने सुई अशी काही रंगवली की आपल्याला सुईच आठवते, पिशवी आठवत नाही. ड्रग्जवरच्या बहुतेक सिनेमांचं असंच होतं.

'गर्द' आणि शनिवारची रात्र

मराठीत या विषयावर मनापासून लिहिलेलं पुस्तक म्हणजे अनिल अवचटांचं 'गर्द'. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात पसरली तेव्हा ते त्या मुलांमध्ये जाऊन बसले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यातूनच, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. ज्याला समाज 'गर्दुल्ला' म्हणून हिणवत होता त्याला या लेखनाने घर, आई, बायको, लाज आणि विनोदबुद्धी असलेला माणूस म्हणून उभं केलं. हे काम त्याआधी मराठीत इतक्या ताकदीने झालेलं नव्हतं. 'टर्की' हा शब्द आणि त्यामागची तडफड घराघरांत पोचली.

तरी आज हिंजवडीत बसून त्या लेखनाकडे पाहताना मला दोन गोष्टी खटकतात. त्या अवचटांच्या चुका आहेत असं मी म्हणणार नाही. त्यांच्यानंतर हा विषय आपण तिथेच थांबवला, याच्या त्या खुणा आहेत.

पहिली खूण काळाची. व्यसनाच्या गोष्टीचं घड्याळ महिन्या-वर्षांचं असतं. माणूस घसरत जातो, घर विकलं जातं, तो सावरतो, परत घसरतो. आज कॉलेजात होणारं व्यसनमुक्तीचं प्रत्येक भाषण याच घड्याळावर चालतं. शनिवारी रात्री एमडीची पुडी आणणारा मुलगा ते भाषण ऐकून मनात म्हणतो, मी काही गर्दुल्ला नाही. सोमवारी तो स्टँडअप मीटिंगला हजर असतो. त्याला व्यसन नसेलही. पण विषशास्त्राचं घड्याळ मिनिटांचं आहे, आणि व्यसन नसलेला माणूसही एका रात्रीत मरतो. सवय नसल्यामुळे कधीकधी तोच आधी मरतो.

दुसरी खूण शेवटाची. आपल्याला बरा होऊन घरी परतलेला माणूस आवडतो. आई ओवाळते, गोष्ट संपते. शरीराच्या दृष्टीने मात्र तो दिवस धोक्याचा असतो. ओपिऑइड काही आठवडे बंद राहिलं की ते पचवण्याची शरीराची सवय उतरते. त्यानंतर एखाद्या वाईट संध्याकाळी माणूस जुन्याच मात्रेकडे गेला, तर तीच मात्रा आता त्याला मारू शकते. काल चालत होतं तेवढंच. वर्तमानपत्र त्यालाही अतिसेवन म्हणेल. घरचे म्हणतील, सुधारला नाही तो नाहीच. घरी पाठवताना हे सांगायला हवं होतं, असं फार थोडे म्हणतील.

आणि एक जुना विनोदही सांगून टाकते. गर्दने मेलेल्याच्या रक्तात गर्द सापडणं फार कठीण. हेरॉइन शरीरात काही मिनिटांतच बदलतं, आधी मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन आणि मग मॉर्फिन होतं. रिपोर्टमध्ये सापडतं ते मॉर्फिन. ते कुठून आलं हे मागे जात जात शोधावं लागतं. गुन्हेगाराने वेश बदलावा तसा हा प्रकार, फक्त वेश आपलं यकृत आणि रक्तच बदलून देतं.

रिपोर्टच्या आधी आलेली बातमी

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पहिल्यांदा १९२९ साली बनवलं गेलं, विसरलं गेलं, आणि या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवरून परत आलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याखाली आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत पुणे पोलिसांनी छापा घातला तेव्हा शेकडो किलो एमडी सापडलं. त्या आठवड्यातल्या बातम्या आठवा. किलो, कोटी, किलो, कोटी. शरीर हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

याच द्रव्याची एक गोष्ट इंग्लंडमधली. मार्च २०१० मध्ये स्कन्थॉर्प या गावात दोन तरुण मृत सापडले. मेफेड्रोनने दोन बळी घेतले, अशा मथळ्यांनी देश हादरला. १६ एप्रिलला मेफेड्रोनवर बंदी लागू झाली. त्यानंतर, मेच्या अखेरीस, त्या दोघांच्या विषशास्त्रीय तपासणीचे निकाल बाहेर आले. दोघांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतंच. होतं ते मेथॅडोन.

मेफेड्रोन निरुपद्रवी आहे असं यातून कुणी काढू नये. ते मारतं, याचे पुरावे पुढे पुष्कळ जमले. मला यात दिसतो तो बातमीच्या शैलीचा दोष. तिने आधी खलनायक ठरवला आणि मग प्रेतं त्याच्या नावावर लिहिली. त्या आठवड्यांत तिथल्या मुलांना खरी गरज होती ती मेथॅडोन आणि दारू याबद्दलच्या इशाऱ्याची. त्यांना मिळाला दुसऱ्याच द्रव्याबद्दलचा आरडाओरडा. आपल्या दहा ओळींच्या बातमीत रोज हेच होतं. फरक इतकाच की आपल्याकडे मेचा शेवट कधी येत नाही.

'आढळलं नाही' कसं वाचायचं

मग तो राखून ठेवलेला व्हिसेरा जातो कुठे? जठर आणि त्यातलं अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृत, प्लीहा, दोन्ही मूत्रपिंडांचे भाग, हे सगळं मिठाच्या संपृक्त द्रावणात बरण्यांमध्ये भरतात. रक्त वेगळं, सोडियम फ्लोराइड घालून. सील, लेबल, पोलिसांची पोचपावती, आणि मग राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे. मुख्यालय मुंबईत कलिन्याला, पुण्याची प्रादेशिक प्रयोगशाळा गणेशखिंडीत. तिथून जे येतं त्याला पोलीस आणि डॉक्टर अजून 'सीए रिपोर्ट' म्हणतात, केमिकल अ‍ॅनालायझरचा.

साहित्याचा वाचक म्हणून हा रिपोर्ट मला फार विलक्षण वाटतो. त्यात विशेषणं नाहीत. आणि लेखक बहुतेक वेळा समोर येत नाही. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ मध्ये ही सोय होती, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आहे. असा मजकूर सावकाश वाचावा लागतो. त्यातलं नेहमीचं वाक्य असतं ते असं, की सर्वसाधारण आणि विशिष्ट रासायनिक चाचण्यांत विष आढळलं नाही.

'आढळलं नाही' आणि 'नव्हतं' हे एकच नाही. मेफेड्रोन ज्या कॅथिनोन वर्गात मोडतं ती द्रव्यं साठवलेल्या रक्तात हळूहळू विघटित होतात, उष्णतेत जास्त वेगाने. बरणी जितकी वाट पाहील तितका पुरावा विरत जाईल. उलटही होतं. मृत्यूनंतर यकृत, फुप्फुस आणि हृदयाच्या स्नायूंमधून औषधं आसपासच्या रक्तात झिरपतात, म्हणून हृदयातलं रक्त घेतलं तर आकडा फुगलेला दिसू शकतो. जाणकार मांडीच्या शिरेतलं रक्त मागतात ते यासाठी. जिवंत माणसाच्या लघवीतही गांजाची खूण नियमित ओढणाऱ्याला काही आठवडे सोडत नाही. ती 'घेतला होता' एवढंच सांगते. त्या रात्री तो भानावर होता की नाही, हे सांगत नाही.

आकडा खरा, पण बाटली कुणाची, हाही प्रश्न असतो. हे पुण्याला वेगळं सांगायला नको. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये पोर्शे गाडीने दोन तरुण आयटी कर्मचाऱ्यांचा जीव घेतला. त्यानंतर ससूनमध्ये घेतलेला रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप झाला. औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याशी त्याचा डीएनए जुळला नाही, त्यावरून संशय पक्का झाला. मामला दारूचा होता, पण धडा साऱ्याच विषशास्त्राला लागू आहे. यंत्र कितीही महाग असो, बाटलीवरचं नाव खरं नसेल तर ते फक्त खोटं फार अचूकपणे मोजतं.

म्हणून चांगला न्यायवैद्यक डॉक्टर रिपोर्ट एकटा वाचत नाही. शवविच्छेदनात काय दिसलं, खोलीत काय सापडलं, शेवटचं कुणी कधी पाहिलं, तो घोरत होता का, हे सगळं शेजारी ठेवून वाचतो. यातली शेवटची माहिती फक्त मित्रांकडे असते. आणि मित्र गप्प बसतात.

तो घोरत होता

मारुंजीतल्या एका फ्लॅटमधली रात्र. मी होते तिथे, म्हणून सांगते. आमच्यातला एक जण सोफ्यावर आडवा झाला आणि मोठ्याने घोरायला लागला. कुणीतरी व्हिडिओ काढला. झोपू दे त्याला, म्हणालो. अर्ध्या तासाने घोरणं तुटक झालं, ओठ वेगळे दिसायला लागले. तेव्हा खोलीत चर्चा सुरू झाली. १०८ ला फोन करायचा का? पोलीस येतील का? सोसायटी काय म्हणेल? ऑफिसमध्ये कळलं तर? ही चर्चा चाळीस मिनिटं चालली. सगळे इंजिनियर, सगळे गोड बोलणारे, एकही वाईट माणूस नाही. शेवटी एकीने कुणालाही न विचारता फोन केला. तो वाचला. आता बंगळुरूला असतो.

घोरणं ही झोपेची खूण नव्हती, सैल पडलेल्या जिभेने आणि घशाने श्वासाची वाट अडवल्याची होती, हे मला नंतर वाचून कळलं. त्याला कुशीवर वळवायला हवं होतं, हेही. ही माहिती मला ना 'गर्द'ने दिली, ना 'सीआयडी'ने, ना एकाही बातमीने. तो गेला असता तर आमच्यावरही दहा ओळी आल्या असत्या. 'अतिसेवन' आलं असतं. चाळीस मिनिटं आली नसती.

आमची भीती पोकळ नव्हती, हेही मान्य करायला हवं. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देतं. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. पण मित्र बेशुद्ध पडला म्हणून फोन करणाऱ्याला, त्याच टेबलावर पुडी असताना, वाचवणारं नेमकं कलम आपल्याकडे नाही. न्यू मेक्सिकोने असा कायदा २००७ मध्ये केला आणि अमेरिकेतली बहुतेक राज्यं मागोमाग आली. आपल्याकडे ही मागणीही कुणी मोठ्याने करताना दिसत नाही. कारण अतिसेवन करणारा स्वतःच्या कर्माने मेला, हे शब्दानेच ठरवून टाकलंय.

शब्द बदलला म्हणून माणसं वाचतील, इतकी मी भाबडी नाही. पण बातमी लिहिणाऱ्याला एवढं जमण्यासारखं आहे. 'अतिसेवनाने' ऐवजी 'विषबाधेने मृत्यूचा संशय' लिहा. रिपोर्ट आला की चार ओळी परत लिहा, कुठली द्रव्यं एकत्र होती ते सांगा. मदत केव्हा मागितली तेही विचारा. सिनेमावाल्यांनी सुई बाजूला ठेवून पिशवीकडे कॅमेरा न्यावा. व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्यांनी घरी परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दलही बोलावं.

आणि वाचणाऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी : हाक मारून, हलवून उठत नसेल, श्वास तुटक असेल, अंग तापलं असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर चर्चा नको. कुशीवर वळवा, १०८ लावा, एकटं सोडू नका. डॉक्टर विचारतील तेव्हा काय काय घेतलंय ते सगळं खरं सांगा, दारू आणि गोळ्यांसकट. तो जिवंत असताना तुम्ही सांगितलेलं ते एक वाक्य, त्याच्यामागे महिन्यांनी येणाऱ्या रिपोर्टपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.